जुन्या बेंटलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी वापरतो. गावातले एखादे देऊळ जुने होते, शिखरावर पिंपळ उगवतो, गाभाऱ्यात पाणी झिरपू लागते, आणि मग गावकरी एकत्र येऊन वर्गणी जमवतात. पुढे काय होते ते आपण सर्वांनीच पाहिले आहे. कुठे पिंपळाची मुळे उकरून, चुन्याने सांधे भरून, देऊळ होते तसे राखले जाते. कुठे जुने दगड बाजूला टाकून गुळगुळीत फरशीचे आणि तैलरंगाचे नवेच देऊळ उभे राहते. दोन्हींना आपण जीर्णोद्धारच म्हणतो. वस्तुतः पहिल्यात जीर्ण वस्तूचा उद्धार झालेला असतो. दुसऱ्यात नव्या वस्तूने तिची जागा घेतलेली असते.

हा भेद नीट उलगडून पाहण्यासाठी आम्ही येथे एका मोटारगाडीचे उदाहरण घेणार आहोत. देवळाच्या बाबतीत श्रद्धा, मानपान आणि गावकी यांचा गुंता असतो. यंत्राचे तसे नाही. यंत्राचे भाग मोजता येतात, सुटे करता येतात, त्यांवरचे क्रमांक वाचता येतात. म्हणून 'जुने राखणे म्हणजे नेमके काय राखणे?' हा प्रश्न यंत्राच्या बाबतीत अधिक स्वच्छपणे मांडता येतो.

आमच्या डोळ्यांपुढे जी गाडी आहे ती म्हणजे १९२१ ते १९३१ या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये तयार झालेली बेंटली. वॉल्टर ओवेन बेंटली हे मूळचे रेल्वेचे मनुष्य. डॉन्कास्टर येथील आगगाडीच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. पहिल्या महायुद्धात त्यांनी लढाऊ विमानांसाठी एंजिने तयार केली, आणि युद्ध संपताच १९१९ साली स्वतःच्या नावाने मोटार कंपनी काढली. लंडनच्या क्रिकलवुड भागातील कारखान्यातून १९२१ साली त्यांची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तास अखंड चालणारी मोटारींची शर्यत भरते. ती या गाड्यांनी १९२४, १९२७, १९२८, १९२९ आणि १९३० अशी पाच वेळा जिंकली. एवढे यश पदरी असूनही कंपनीचा हिशेब मात्र कधी जुळला नाही. जागतिक मंदीचा फटका बसून १९३१ साली ती बुडाली आणि रोल्स-रॉईसने ती विकत घेतली. या दहा वर्षांत सर्व प्रकारच्या मिळून सुमारे ३,००० गाड्या तयार झाल्या होत्या. आजचा एखादा मोठा कारखाना इतक्या गाड्या काही दिवसांत बाहेर काढतो.

अशा गाडीला 'व्हिंटेज' म्हणतात. हा शब्द द्राक्षाच्या दारूच्या धंद्यातला. कोणत्या सालच्या द्राक्षांची दारू, हे त्याने सांगितले जाते. मोटारींना तो रूढ अर्थाने लागू झाला तो १९३४ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबामुळे. १९३० नंतरच्या गाड्या स्वस्त पण सत्त्वहीन होत चालल्या आहेत असे या मंडळींचे मत होते. म्हणून त्यांनी १९३० सालअखेर ही मर्यादा ठरवली आणि त्याआधीच्या गाड्या जपण्याचा निश्चय केला. ज्या गाड्या त्या वेळी केवळ जुन्या आणि म्हणून कवडीमोल समजल्या जात होत्या, त्यांना त्यांनी मान दिला. जुन्या वस्तूंचे असेच असते. वस्तू आधी नवी असते, मग जुनी होते, मग अडगळ होते. आणि अडगळीच्या या काळात जी भंगारात जात नाही तीच पुढे मोलाची ठरते.

आता अशी कल्पना करा की, ल माँच्या विजेत्यांच्या जातीची एखादी तीन लिटर बेंटली इंग्लंडमधील एका शेतावरच्या कोठारात पन्नास वर्षे पडून राहिली आहे. टायर भुईला चिकटले आहेत. बैठकांत उंदरांनी घरे केली आहेत. रंग कुठे उडाला आहे, कुठे काळवंडला आहे. एंजिन फिरत नाही. दार उघडून ती उजेडात आणणाऱ्याच्या मनात पहिली ऊर्मी कोणती येते? पाण्याचा पाइप लावून ती स्वच्छ धुवावी, आणि एंजिन सुरू होते का ते पाहावे! याच पहिल्या तासात अशा गाडीचे सर्वांत मोठे नुकसान होण्याचा संभव असतो.

का, ते समजण्यासाठी गाडीची रचना थोडी पाहिली पाहिजे. बेंटलीचा कारखाना पुरी गाडी विकत नसे. तो पोलादी सांगाडा, म्हणजे चासी, आणि तिच्यावर बसवलेले एंजिन, गिअरपेटी, चाके, ब्रेक एवढेच तयार करी आणि त्याची पाच वर्षांची हमी देई. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या दुसऱ्या कारखान्याकडून बांधून घेई, जशी पूर्वी घोड्यांच्या बग्ग्यांची घेत असत. व्हँडेन प्लास या कारखान्याने बांधलेल्या चार बैठकांच्या उघड्या बॉड्या विशेष नावाजल्या. अशा बॉडीचा आतला सापळा 'अ‍ॅश' नावाच्या चिवट लाकडाचा असे आणि पुष्कळदा त्यावर पत्र्याऐवजी मेण-रोगण दिल्यासारखे जाड कापड ताणून बसवलेले असे. म्हणजे ही अर्धी लोहाराची आणि अर्धी सुताराची वस्तू आहे. लोखंड गंजते ते डोळ्यांना दिसते. पण कापडाच्या आतले लाकूड कुजून पोकळ झाले तरी वरून गाडी धडधाकट दिसते. त्यावर पाण्याचा फवारा मारला की जे कापड आजवर तग धरून होते ते फाटते, आणि त्याबरोबर मूळच्या शिलाईची, खिळ्यांची, रंगाची साक्षही जाते.

एंजिनाची कथा आणखी निराळी. तीन लिटर बेंटलीच्या एंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १४९ मिलिमीटर. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग. ठिणगी पाडण्यासाठी एक सोडून दोन मॅग्नेटो. ही योजना त्या काळी शर्यतीच्या गाड्यांत आढळे. बेंटली यांनी ती रस्त्यावरच्या गाडीला दिली. परंतु तिच्यात एक वैशिष्ट्य असे की, सिलिंडर आणि त्यांचे डोके हे दोन वेगळे भाग नाहीत, एकाच ओतकामातून ते निघालेले आहेत. त्यामुळे सांध्यातून गळतीची भीती राहिली नाही हे खरे. पण व्हॉल्व्ह घासायचे म्हटले तरी सगळा ठोकळा वर उचलून काढावा लागतो. त्याच्या आतल्या वाटांतून थंड करणारे पाणी फिरत असते. ते पाणी वर्षानुवर्षे आतून लोखंड खात राहते आणि व्हॉल्व्हच्या बैठकांजवळ तडे जातात. क्रँकशाफ्टचे बेअरिंगही आजच्यासारखे तयार पट्टीचे नाहीत. पांढरा धातू वितळवून जागच्या जागी ओतायचा आणि मग मापाला तासायचा, अशी ती रीत आहे. पन्नास वर्षे उभ्या असलेल्या अशा एंजिनाला कोणी घाईने हँडल मारले, किंवा गाडी दोर बांधून ओढली, तर गंजून चिकटलेल्या पिस्टनच्या कड्या मोडतात आणि सिलिंडरच्या भिंतींवर कायमचे ओरखडे उठतात. जाणता मिस्त्री असे करीत नाही. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडतो आणि थांबतो. आठवडाभर थांबतो, लागल्यास महिनाभर थांबतो.

थांबण्याच्या या काळात दुसरे एक काम करावयाचे असते. तेच जीर्णोद्धाराचे पहिले काम होय असे आम्ही समजतो. ते म्हणजे वाचन. गाडी ही एक पोथी आहे असे समजून ती वाचावयाची. प्रत्येक बाजूने छायाचित्रे घ्यावयाची. चासीवर, एंजिनावर, गिअरपेटीवर ठोकलेले क्रमांक उतरून घ्यावयाचे आणि कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहावयाचे. बेंटलीच्या बाबतीत सुदैवाने या नोंदी पुष्कळ प्रमाणात टिकल्या आहेत. १९३६ साली निघालेल्या बेंटली चालकांच्या क्लबाने आणि अनेक अभ्यासकांनी हे ज्ञान जपले आहे. मग रंगाकडे वळावयाचे. एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी जागा हळूहळू घासली की रंगाचे थर एकाखाली एक उघडे होतात: वर काळा, त्याखाली तांबडा, सर्वांत खाली हिरवा. कोणत्या मालकाने कोणता रंग दिला याचा तो क्रमच असतो. बैठकीखाली सापडलेला तिकिटाचा तुकडा, पाटीच्या मागे खडूने लिहिलेला आकडा, कोण्या खेड्यातल्या लोहाराने घातलेला ओबडधोबड जोड, या सगळ्या त्या गाडीच्या आयुष्याच्या ओळी आहेत. घासून पुसून टाकल्या की त्या पुन्हा लिहिता येत नाहीत.

वाचन झाल्यावर मालकापुढे तीन वाटा उभ्या राहतात. पहिली, आहे त्या स्थितीत गाडी राखावी, फक्त गंज आणि कीड पुढे वाढू देऊ नये. दुसरी, ती सुरक्षित चालेल इतकी दुरुस्ती करावी, आणि जे टिकण्याजोगे आहे ते, दिसायला कितीही मळके असले तरी, तसेच ठेवावे. तिसरी, शेवटचा खिळा सुटा करून गाडी कोरी करकरीत करावी. गेल्या शतकात बहुतेकांनी तिसरी वाट धरली. इतकेच नव्हे, तर ल माँच्या विजयांचा मोह असा की, ज्या बेंटलींवर मूळच्या साध्यासुध्या बंद बॉड्या होत्या त्या बॉड्या काढून फेकण्यात आल्या आणि त्यांच्या जागी शर्यतीच्या गाडीसारख्या उघड्या बॉड्या बसवण्यात आल्या. कित्येकांच्या लांब चासी कापून आखूड करण्यात आल्या. परिणाम असा झाला की, कोणा डॉक्टरची, कोणा व्यापाऱ्याच्या कुटुंबाची म्हणून जी बंद बेंटली रस्त्यावरून जात असे ती आज दुर्मिळ झाली, आणि जिने कधी शर्यत पाहिलीही नाही अशा गाड्या शर्यतीचा वेष घेऊन मिरवू लागल्या.

यात हेतू वाईट नसतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो. जीर्ण वस्तूचा घात पुष्कळदा प्रेमानेच होतो. आपल्या अजिंठ्याचेच उदाहरण घ्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत निजाम सरकारने तेथील चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटत चाललेले थर भिंतीला पक्के केले, हे त्यांचे उपकार. पण चित्रांवर त्यांनी लाखेच्या रोगणाचा जो हात फिरवला तो काळाबरोबर पिवळा आणि काळपट पडत गेला, आणि चित्रांचे मूळ रंगच झाकोळले. पुढे पुरातत्त्व खात्याला तो थर मोठ्या जिकिरीने, इंच इंच करीत काढावा लागला. तेव्हाच्या ज्ञानाला जे उत्तम वाटले ते पुढच्या ज्ञानाला चूक ठरले. म्हणून जे परत उलटवता येईल तेवढेच करावे, हा जीर्णोद्धाराचा शहाणपणा आहे.

पण येथे कोणी विचारील, आणि ते योग्यच आहे, की यंत्र हे चित्र नव्हे. चालणारी गाडी झिजणारच. टायर बदलावे लागतात, बेअरिंग बदलावे लागतात, तडा गेलेला सिलिंडरचा ठोकळा नवा ओतून घ्यावा लागतो. असे बदलत बदलत सगळेच बदलले, तर ती गाडी तीच राहिली का? हा प्रश्न केवळ तर्कपंडितांचा नाही. १९९० साली तो लंडनच्या न्यायालयापुढे खरोखरच आला.

बेंटलीची एक गाडी 'ओल्ड नंबर वन' या नावाने प्रसिद्ध आहे. साडेसहा लिटरच्या एंजिनाची ही 'स्पीड सिक्स' जातीची गाडी. १९२९ साली वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी, तर १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किड्‌स्टन यांनी तिच्यावर ल माँची शर्यत जिंकली. पुढे ती ब्रुकलंड्‌सच्या मैदानावर धावत राहिली. प्रत्येक हंगामात तिचे भाग बदलत होते. शर्यतीच्या गाडीचा तो धर्मच आहे. १९३२ साली तिला आठ लिटरचे एंजिन बसवले होते, आणि त्याच वर्षी ब्रुकलंड्‌सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती कठड्यावरून उलटून क्लाइव्ह डन्फी या तरुण चालकाचा मृत्यू झाला. त्यानंतर ती पुन्हा उभारण्यात आली, तिच्यावर रस्त्यावरच्या गाडीची बॉडी चढली, आणि अनेक वर्षांनी पुन्हा ल माँच्या गाडीचे रूप तिला देण्यात आले. अशी ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. तेवढ्यात खरेदीदाराला शंका आली की, ही खरी ओल्ड नंबर वन नव्हेच. त्याने पैसे देण्याचे नाकारले आणि प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेले.

तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९२९ साली जी गाडी जिंकली तिचे म्हणून खात्रीने दाखवता येईल असे जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. १९३० सालच्या गाडीचेही अगदी थोडे भाग निघाले. जे बरेचसे उरले होते ते १९३२ सालच्या गाडीचे. तरीही न्यायमूर्तींनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: जशी कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली या अर्थाने ही गाडी मूळची नाही, पण ती खरी आहे, अस्सल आहे. कारण तिचे भाग हळूहळू, एकामागून एक बदलत गेले, आणि कोणत्याही एका क्षणी ती आपली ओळख हरवून बसली नाही. तिच्या जीवनाचा धागा तुटला नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही जगात नाही.

हा निकाल वाचताना आम्हांला 'मिलिंदप्रश्ना'तील नागसेनाची आठवण होते. मिलिंद राजा रथातून आला होता. नागसेनाने त्याला विचारले की, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजाला प्रत्येकाला नाही म्हणावे लागले, आणि या साऱ्यांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते, हे त्याने मान्य केले. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचाही दृष्टान्त आहे. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच नव्हे, आणि तरीही रात्रभर तेवला तो दिवा एकच. लंडनच्या न्यायमूर्तींनी मोटारीला लावला तो न्याय, आमच्या मते, हाच दिव्याचा न्याय होय. तेल बदलले, वात बदलली, तरी दिवा विझता कामा नये.

याची दुसरी बाजू २०१९ साली पुढे आली. १९२९ आणि १९३० साली बर्किन यांच्या आग्रहाने साडेचार लिटर बेंटलीला हवा दाबून भरणारा पंप जोडून 'ब्लोअर' नावाच्या गाड्या निघाल्या होत्या. स्वतः बेंटली यांना ही कल्पना पसंत नव्हती. अशा अवघ्या ५५ गाड्या तयार झाल्या. २०१९ साली आजच्या बेंटली कंपनीने जाहीर केले की, आपल्या संग्रहातील मूळची शर्यतीची गाडी सुटी करून, तिचे मोजमाप घेऊन, तशाच बारा गाड्या नव्याने बांधण्यात येतील. आणि त्या बांधल्याही गेल्या. तोच आकार, तेच एंजिन, तीच आखणी. मग जुन्या गाडीजवळ असे काय उरले की जे नवीजवळ नाही? आकार नव्हे, वेग नव्हे, चकाकी तर मुळीच नव्हे. उरला तो फक्त काळ: तिच्यावरून गेलेली वर्षे, तिला लागलेले हात आणि त्यांच्या खुणा. पैसे टाकून सगळे काही नवे घेता येते, एवढी एक गोष्ट घेता येत नाही. आणि जीर्णोद्धार करणारा कारागीर कोठारातली गाडी कोरी करकरीत करू लागतो, तेव्हा नेमकी हीच गोष्ट तो घासून काढत असतो!

हे आता जगभर उमगू लागले आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तयार केलेल्या तुरीनच्या सनदेत राखणे हा नियम आणि पुन्हा नवे करणे हा अपवाद, असे तत्त्व धरले आहे. जे भाग नवे बसवावे लागतील त्यांवर डोळ्यांत न भरणारी पण कायमची खूण करावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसवणूक होणार नाही, असेही ती सांगते. आपल्या देशातही २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला निराळा क्रमांक मिळतो. पण वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. आपल्याकडे संस्थानिकांच्या तबेल्यांत आणि जुन्या वाड्यांत राहिलेल्या गाड्यांच्या वारसदारांनी ही अट केवळ कागदोपत्री समजू नये, असे आम्हांला वाटते.

तर मग आपल्या कोठारातल्या बेंटलीचे काय करावे? ती चालवूच नये असे आम्ही म्हणणार नाही. जी चालण्यासाठी जन्मली ती काचेच्या पेटीत कोंडणे हाही एक अन्यायच. ब्रेक धड हवेत, सुकाणू धड हवे, कारण तेथे माणसाच्या जिवाची गोष्ट आहे. त्यात जुनेपणाचे कौतुक नको. एंजिनाचा ठोकळा फुटला असेल तर नवा बसवावा, पण जुना भंगारात न घालता गाडीबरोबर जपून ठेवावा, आणि काय बदलले, केव्हा बदलले, याची वही लिहून ठेवावी. लाकूड जेवढे कुजले तेवढेच कापून त्याला जोड द्यावा. कापडाचा जो भाग टिकेल तो टिकवावा. आणि ज्याच्यामुळे काहीही अडत नाही तो फिकट रंग, तो चेपलेला पत्रा, ती झिजलेली बैठक यांना हात लावू नये.

असे केले तर गाडी रस्त्यावर येईल तेव्हा ती जुनी दिसेल. बघणारा कदाचित म्हणेल, एवढा खर्च करून रंग का नाही दिला? त्याला सांगावे की, रंग उद्याही देता येईल, शंभर वर्षांनीही देता येईल. पण आहे तो एकदा काढला की मग तो कोणालाच परत देता येणार नाही. वस्तू हजार वेळा नवी करता येते. मूळची मात्र ती एकदाच असते. देवळाच्या पायरीवरचा पावलांनी झिजलेला दगड बदलताना आपण जर क्षणभर थांबलो, तर मोटारीच्या या उदाहरणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.